गांडुळाच्या अंगातून जाणाऱ्या निरोपाचा वेग: निपाणीतील प्रकल्प नोंदी, जानेवारी–फेब्रुवारी २०२५

५ जानेवारी

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी मांडणी ठरली. चेतातंतूतून निरोप किती वेगाने जातो ते जिवंत प्राण्यावर, त्याला न टोचता-कापता, लोकांसमोर मोजून दाखवायचे. तक्ते आणि थर्माकोलची चेतापेशी नको. ती दर वर्षी असतेच, आणि तिच्याकडे बघून "निरोप म्हणजे तारेतली वीज" हाच समज पक्का होतो. तोच मोडायचा आहे.

तांब्याच्या केबलमधून विद्युत संकेत प्रकाशाच्या साधारण दोन-तृतीयांश वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २० कोटी मीटर जातो. बेडकाच्या चेतातंतूतला वेग जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५० मध्ये पहिल्यांदा मोजला, तेव्हा तो सेकंदाला साधारण २७ मीटर निघाला. त्याआधी खुद्द त्याचे गुरू म्युलर यांना हा वेग मोजता येण्यासारखा वाटत नव्हता. वेग इतका कमी असणे आपल्या फायद्याचेच आहे, कारण तीन सेंटिमीटरच्या अंतरातही साध्या साउंड कार्डाला (संगणकात आवाज नोंदवणाऱ्या भागाला) पकडता येईल एवढा उशीर मिळतो.

प्राणी ठरला गांडूळ. त्याच्या पोटाकडच्या चेतारज्जूत तीन महातंतू असतात, मधला एक आणि बाजूचे दोन. डोक्याकडे स्पर्श झाला की मधला तंतू पेटतो, शेपटीकडे झाला की बाजूची जोडी. हे तंतू जाड असल्याने त्यांचा आवेग (निरोपाचा विद्युत ठोका) कातडीवरूनही टिपता येतो.

७ जानेवारी

संकेश्वरच्या बाजूच्या एका ऊस उत्पादकाच्या गांडूळखताच्या वाफ्यातून लाल गांडुळे (आयसेनिया फेटिडा) आणली. लांबी ७ ते ९ सेंमी, जाडी सुमारे ४ मिमी. शेणखत आणि कुजलेले पाचट घालून मातीच्या कुंडीत ठेवली, वर ओले गोणपाट. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून शिंपडायचे पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवून मगच वापरायचे.

निवडताना गळपट्टा (पुढच्या भागातला फुगीर, फिकट पट्टा) स्पष्ट दिसणारी पूर्ण वाढलेली गांडुळेच घ्यायची. गळपट्ट्याजवळचे टोक म्हणजे डोके. ही खूण सगळ्यांना दाखवून ठेवली, कारण डोके-शेपटीची गल्लत झाली तर पुढचे सगळे आकडे उलटे वाचले जातात.

११ जानेवारी

गांडूळ ठेवून मोजायची पन्हळ तयार. ३ मिमी जाडीची ॲक्रिलिकची पट्टी, १०० × ४० मिमी, फलक बनवणाऱ्याकडून कापून घेतली. तिच्यावर चांदीच्या पाच तारा आडव्या ठेवल्या आणि वरून दोन ॲक्रिलिक पट्ट्या ५ मिमी फट ठेवून चिकटवल्या. गांडूळ त्या फटीत सरळ पडते आणि पोट तारांवर टेकते.

तारांच्या जागा, एका टोकाकडून मोजून: ० आणि ५ मिमीवर पहिली जोडी, १७ मिमीवर ग्राउंड (शून्य दाब धरायची संदर्भाची तार), ३० आणि ३५ मिमीवर दुसरी जोडी. म्हणजे दोन जोड्यांमध्ये ३० मिमी अंतर. हे अंतर व्हर्नियरने मोजून पन्हळीवरच कोरले. अर्ध्या मिलिमीटरची चूकही वेगात पावणेदोन टक्क्यांची चूक होते.

तार सराफाकडून घेतली. ०.५ मिमी, आणि "९९९ ची शुद्ध" असे बजावून. दागिन्याच्या चांदीत तांबे असते. तिच्यावर क्लोराइडचा थर नीट धरत नाही आणि तांबे गांडुळालाही मानवत नाही. तार बारीक पॉलिश पेपरने घासून घरगुती ब्लीचमध्ये २० मिनिटे बुडवायची. ती करडी-जांभळी झाली की साध्या पाण्याने भरपूर धुवायची. हा सिल्व्हर क्लोराइडचा थर नसेल तर तारेवरचा विद्युत दाब आपोआप वर-खाली सरकत राहतो आणि प्राणी जरा हलला तरी पडद्यावर डोंगर उभे राहतात.

चिकटवायला सिलिकॉन वापरले. ते वाळताना व्हिनेगरसारखा वास सोडते, तेच ॲसिटिक ॲसिड गांडुळाच्या ओल्या कातडीला झोंबते. त्यामुळे २४ तास वाळवून, धुऊन मगच पन्हळ वापरायची.

१४ जानेवारी

संक्रांत. काम नाही. फक्त एडी६२० च्या (सूक्ष्म संकेत मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या) चिपा कुरियरने आल्या.

१६ जानेवारी

ॲम्प्लिफायर. दोन वाहिन्या, तारांच्या एकेका जोडीला एक, दोन्ही अगदी सारख्या. एका वाहिनीचा हिशोब असा.

पहिला टप्पा एडी६२०. गेन (संकेत किती पट मोठा होतो) = १ + (४९.४ किलो-ओहम ÷ जोडलेला रोध). २.२ किलो-ओहम लावला, गेन सुमारे २३.५. मग ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ४.७ किलो-ओहम, म्हणजे ३४० हर्ट्झच्या खालचे कापणारी चाळणी. दुसरा टप्पा टीएल०७२ ही ॲम्प्लिफायर चिप, १०० किलो आणि २.२ किलो, गेन ४६.५. १०० किलोच्या रोधावर ४७० पिकोफॅरड बसवला की ३.४ किलोहर्ट्झच्या वरचे कापले जाते. एकूण गेन १,०९० च्या आसपास. पुरवठा ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, +९ आणि −९.

सगळा गेन पहिल्याच टप्प्यात का नाही, हा प्रश्न बरोबर आहे, कारण बाजारातल्या बऱ्याच नकाशांत तसेच असते. दोन चांदीच्या तारांमध्ये काही दहा मिलिव्होल्टचा स्थिर फरक सहज असतो. पहिल्या टप्प्यात गेन ५०० ठेवला तर ५० मिलिव्होल्टचे २५ व्होल्ट व्हायला हवेत. बॅटरी ९ चीच, त्यामुळे चिप एका टोकाला जाऊन चिकटते आणि पडद्यावर सपाट रेघ येते. म्हणून आधी थोडा गेन, मग कपॅसिटरने स्थिर दाब अडवायचा, मग उरलेला गेन.

दोन्ही तोंडे ग्राउंडला जोडून तपासले. आउटपुटवरचा गोंगाट १ मिलिव्होल्टच्या आत. गांडुळाचा आवेग ५० ते १०० मायक्रोव्होल्ट धरला तर आउटपुटला ५० ते १०० मिलिव्होल्ट मिळतील. पुरेसे आहे.

१८ जानेवारी

नोंद साउंड कार्डाबद्दल. स्वस्त यूएसबी कार्डाचे माइकचे भोक एकवाहिनी असते. बाहेरून जॅक स्टिरिओ दिसला तरी आत दोन्ही वाहिन्या एकच होतात. मोबाइलच्या हेडफोनच्या भोकाचेही तेच. आपल्याला दोन वाहिन्यांमधला उशीर मोजायचा आहे, त्यामुळे "लाइन-इन" असलेलेच कार्ड हवे. ते मिळाले. ओळखायची सोपी रीत अशी: फक्त डावी वाहिनी जोडायची आणि ऑडॅसिटीत (आवाज नोंदवण्याच्या सॉफ्टवेअरात) उजवीकडेही तेच उमटते का ते पाहायचे. उमटले तर ते कार्ड परत करायचे.

नमुने सेकंदाला ४४,१०० घेतले, म्हणजे दोन नमुन्यांमध्ये २२.७ मायक्रोसेकंद. ३० मिमीला दोनेक मिलिसेकंद लागणार असतील तर मध्ये नव्वदेक नमुने मिळतात. टोक ओळखताना दोन नमुन्यांची चूक झाली तरी दोन टक्क्यांच्या आसपासच.

१९ जानेवारी

गांडूळ ठेवण्याआधी ओल्या दोऱ्याची चाचणी. ही चाचणी प्रदर्शनातही ठेवायची, कारण सगळा मुद्दा तिच्यात आहे.

सुती दोरा ०.६ टक्के मिठाच्या पाण्यात भिजवून ६० मिमी लांबीचा पन्हळीत ताणला. १.५ व्होल्टच्या सेलला १०० किलो-ओहम आणि ३३० ओहम लावून ४.९ मिलिव्होल्ट काढले आणि दोऱ्याच्या दोन टोकांना खटक्याने दिले. ५ मिमीच्या जोडीवर त्याचा बारावा हिस्सा, म्हणजे ०.४ मिलिव्होल्ट पडायला हवा. दोन्ही वाहिन्यांत तेवढाच खटका आला, आणि एकाच नमुन्यावर आला. उशीर शून्य.

ओल्या दोऱ्यातून वीज जाते ती अशी. गांडुळातून येणारा संकेत पहिल्या जोडीवर आधी आणि दुसऱ्या जोडीवर नंतर आला, तरच तो चेतातंतूचा निरोप. दोन्हीकडे एकदम आला तर तो हात लागल्याचा, ट्यूबलाइटचा किंवा शेजारची मोटर सुरू झाल्याचा झटका. पुढच्या सगळ्या नोंदींत हाच निकष.

२१ जानेवारी

पहिले गांडूळ. पडद्यावर नुसती हम (विजेच्या लाइनची घरघर).

कारणे एकेक करून काढली. लॅपटॉप चार्जरवर होता. काढल्यावर हम निम्म्याने कमी. पन्हळ आणि ॲम्प्लिफायर १५ किलोच्या तेलाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि डबा ग्राउंडला जोडला, आणखी कमी. तारा एकमेकींना पिळ देऊन १५ सेंमीपेक्षा आखूड केल्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

तरी एक करकर उरली. दुपारी लाइट गेली की ती वाढायची, हे विचित्र वाटले, पण कारण सरळ आहे. मेन लाइनची ५० हर्ट्झची लाट गोलसर असते आणि आपली ३४० हर्ट्झची चाळणी तिला बरेच दाबते. इन्व्हर्टर मात्र चौकोनी लाट देतो, आणि चौकोनी लाटेत १५०, २५०, ३५०, ४५० हर्ट्झचे तुकडे असतात. त्यातले वरचे चाळणीतून सुखरूप पार होतात. उपाय एकच: मोजणी चालू असताना खोलीतला इन्व्हर्टर बंद.

ग्राउंडची तार गांडुळाला टेकलीच पाहिजे. ती सुटली की एडी६२० च्या तोंडांतून येणाऱ्या सूक्ष्म प्रवाहाला परतीची वाट राहत नाही आणि काही सेकंदांत आउटपुट एका टोकाला जाते. गांडूळ वाकडे झाले की हेच होते.

२३ जानेवारी

पाण्याचे प्रमाण. पन्हळीत पाणी साचले तर ते तारांना एकमेकींशी जोडून टाकते आणि आवेग २० मायक्रोव्होल्टच्याही खाली जातो. फार कोरडे केले तर कातडीचा संपर्क सुटतो, आणि कातडीतूनच श्वास घेणाऱ्या प्राण्याला त्रास होतो. जमलेली पद्धत अशी: गांडूळ धुवायचे, टिपकागदावर एकदा लोळवायचे, ताबडतोब पन्हळीत. दहा मिनिटांनी कुंडीत परत. चांदीचे अंश पाण्यात उतरतात, म्हणून त्याहून जास्त वेळ ठेवायचे नाही.

स्पर्शासाठी जुन्या टूथब्रशचा एक केस, लाकडी काडीला चिकटवलेला. धातूची टाचणी किंवा बोट चालत नाही. माणसाचे अंग खोलीतली हम घेऊन येते आणि टेकताक्षणी दोन्ही वाहिन्यांत खोटा झटका उमटतो.

आज आवेग दिसला. डोक्याला स्पर्श, पहिल्या जोडीवर एक बारीक वर-खाली काटा, दुसऱ्यावर तसाच काटा नंतर. शेपटीला स्पर्श केला की क्रम उलटतो, आणि काट्याचा आकारही उलटा होतो, आधी खाली मग वर. आवेग जोडीतल्या कोणत्या तारेखालून आधी गेला त्यावर हे ठरते. दिशेचा हा दुसरा पुरावा, फुकटात मिळालेला.

२६ जानेवारी

मोजणी, खोलीचे तापमान २४ अंश सेल्सिअस. डोक्याकडून: ३० मिमीला २.४ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर. शेपटीकडून: ४.३ मिलिसेकंद, म्हणजे ७ मीटर. मधला महातंतू बाजूच्या जोडीपेक्षा जाड, म्हणून जलद. जाड तंतूत आतला रोध कमी, त्यामुळे एका जागचा बदल पुढे लांबपर्यंत पोहोचतो.

वाचन कधी धरायचे नाही: गांडूळ पन्हळीत नागमोडी पडले असेल तर. तेव्हा तारांमधले अंतर ३० मिमीच असते, पण आतला तंतू त्याहून लांब असतो आणि वेग खोटा कमी दिसतो. काट्यानंतर येणारी मोठी, संथ लाट स्नायूंची आहे. ती मोजायची नाही.

एकाच गांडुळाला लागोपाठ स्पर्श करत राहिले की ते दाद देणे थांबवते. त्यात थकवा किंवा इजा काही नसते. सवय होते, आणि ती संवेदी पेशी ते महातंतू यांमधल्या संपर्कस्थानांत होते. दोन मिनिटे सोडले की पुन्हा काटा येतो. प्रदर्शनासाठी गांडुळांची पाळी लावावी लागेल.

२७ जानेवारी

सकाळी लवकर, खोलीत १६ अंश. तेच गांडूळ, तीच पन्हळ: ३.६ मिलिसेकंद, सेकंदाला ८.३ मीटर. आठ अंशांत वेग तिसऱ्या हिश्श्याने घटला. चेतापेशीच्या पटलातले सोडियमचे दरवाजे (सोडियम आत सोडणारे मार्ग) ही प्रथिने आहेत. थंडीत ती सावकाश उघडतात आणि तंतूचा प्रत्येक पुढचा टप्पा उशिरा पेटतो. तांब्याची तार थंड झाली तर उलट किंचित चांगली वाहते.

रुग्णालयात चेतातंतूची तपासणी करतानाही हात गार असेल तर आधी गरम करतात, कातडी ३२ अंशांच्या वर आणतात. माणसात एका अंशाला सेकंदाला दोनेक मीटरचा फरक पडतो, आणि थंडीत गारठलेला निरोगी हात कागदावर आजारी दिसतो. फलकावर वेगाशेजारी तापमान लिहिलेच पाहिजे.

३० जानेवारी

फलकाचा मजकूर, पहिला भाग. मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी, अक्षर सारखेच मोठे.

विश्रांतीत पेशीच्या आत बाहेरच्या तुलनेत −७० मिलिव्होल्ट. बाहेर सोडियम भरपूर, आत पोटॅशियम भरपूर. स्पर्शाने एखाद्या जागी दाब −५५ च्या आसपास चढला की सोडियमचे दरवाजे धडाधड उघडतात, सोडियम आत घुसतो आणि दाब +३० पर्यंत जातो. एका मिलिसेकंदाच्या आत ते दरवाजे स्वतःच अडकतात, पोटॅशियमचे उघडतात, दाब पुन्हा खाली. पेटलेल्या जागेने शेजारची जागा −५५ पर्यंत चढवलेली असते, तिथे हेच पुन्हा. म्हणजे निरोप प्रत्येक जागी नव्याने तयार होतो.

समजावून सांगायला आपल्याकडचे फडातले पाचट पुरेल. ऊस तोडून झाल्यावर पाचटाला एका कडेने काडी लावली की जाळ पुढे सरकतो. पुढच्या पाचटाला जाळण्याची ताकद मागच्या जाळातून येत नाही, ती त्याच्याच अंगात असते. काडी लहान की मोठी यावर शेवटच्या सरीतला जाळ ठरत नाही. जळून गेलेल्या जागी जाळ लगेच मागे फिरत नाही, तसा आवेगही फिरत नाही. फरक एवढाच की चेतातंतू दोनेक मिलिसेकंदांत पुन्हा पेटण्याजोगा होतो. सोडियम-पोटॅशियमचा पंप (दर फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत) साठा भरलेला ठेवतो. मेंदू वजनाने शरीराच्या दोनेक टक्के, पण शक्ती खातो विसेक टक्के. त्यातली मोठी रक्कम या पंपाच्या खात्यावर जाते.

नुसती वीज वाहू दिली असती तर काय झाले असते तेही लिहायचे. तंतूचे पटल गळके आणि आतला द्रव तांब्याच्या मानाने फारच वाईट वाहक. मिलिमीटर-दोन मिलिमीटरमध्ये संकेत एक-तृतीयांशावर येतो. अंगठ्यापासून कण्यापर्यंतच्या मीटरभर वाटेत काहीच शिल्लक राहणार नाही.

२ फेब्रुवारी

स्पर्श हलका आणि जोराचा. केसाने हलकेच टेकवले: एक काटा किंवा काहीच नाही. जोराने: दोन, तीन, चार काटे, पण प्रत्येकाची उंची तेवढीच. जोर काट्यांच्या संख्येत आणि दाटीत सांगितला जातो. एड्रियनने १९२० च्या दशकात एकेका तंतूवर हेच दाखवले आणि १९३२ चे नोबेल शेरिंग्टनसोबत वाटून घेतले. आउटपुट छोट्या स्पीकरलाही जोडला. प्रत्येक काट्याला "टक्" ऐकू येते, आणि पडदा न वाचता येणाऱ्या लहान मुलांनाही मोजता येते.

६ फेब्रुवारी

माणसावरचा प्रयोग, गावातल्या शाळेच्या मैदानावर. यात वीज नाही, फक्त स्टॉपवॉच. (ॲम्प्लिफायर माणसाला जोडायचा नाही असे ठरले आहे. कोणी लॅपटॉप चार्जरला लावला तर धोका नको.)

२४ जण रांगेत, डोळे मिटून. पहिल्या खेळीत प्रत्येकाने पुढच्याचा खांदा दाबायचा, दुसऱ्या खेळीत खाली बसून घोटा. निरोप खांद्यापासून मेंदूपर्यंत कमी वाट चालतो, घोट्यापासून जास्त. फरक माणशी साधारण १.०५ मीटर. बाकी सगळे, म्हणजे मेंदूतला वेळ आणि हाताचा वेळ, दोन्ही खेळींत सारखे, म्हणून वजाबाकीत जाते. सरावानंतरच्या खेळ्यांचा मधला फरक ०.५ सेकंद आला. माणशी २१ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ५० मीटर.

हा आकडा देखणा आहे, पण त्याच्यावर फार भरवसा नको. खेळीगणिक फरक ०.३ ते ०.८ सेकंद असा हलत होता. एकाचे लक्ष विचलित झाले तरी ०.२ सेकंद जातात. रांग २० पेक्षा लहान असेल तर करूच नये, आणि पहिल्या काही खेळ्या सरावात धराव्यात; त्यात वेळ झपाट्याने घटत असतो आणि जी खेळी आधी घेतली ती उगाच संथ ठरते. खांदा-घोटा-घोटा-खांदा असा क्रम ठेवला तर हा दोष बराच जातो.

गांडुळाचे १२.५ आणि माणसाचे ५०, तेही काही दहा मायक्रोमीटर जाडीचा महातंतू एकीकडे आणि १० ते २० मायक्रोमीटरचा तंतू दुसरीकडे. उत्तर मेदावरणात आहे. माणसाच्या जलद तंतूंवर मेदाचे घट्ट वेटोळे असतात आणि साधारण मिलिमीटरभर अंतराने एकेक मायक्रोमीटरची उघडी फट. आवेग फक्त फटीत नव्याने तयार होतो, मधले अंतर जवळजवळ फुकटात पार. स्क्विडने हे केले नाही. त्याने तंतूच अर्धा मिलिमीटर जाड केला, आणि तरी वेग सेकंदाला २० ते २५ मीटरच. त्या जाडीमुळेच हॉजकिन आणि हक्सले यांना १९३९ मध्ये आत इलेक्ट्रोड घालता आला, हा विज्ञानाचा फायदा. आपल्या अंगात मेद नसलेले बारीक तंतूही आहेत, सेकंदाला अर्धा ते दोन मीटरचे. बोट चेंगरले की आधी चटकन कळते आणि ठणका मागाहून येतो, ते त्यांच्यामुळे.

१२ फेब्रुवारी

फलकाचा दुसरा भाग, संपर्कस्थान. निपाणीत तंबाखू आणि फवारणी यांना वगळून हा भाग लिहिणे म्हणजे घरचे सोडून बाहेरचे सांगणे.

चेतातंतू स्नायूला चिकटत नाही. मध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते. आवेग टोकाला आला की कॅल्शियम आत येतो, ॲसिटिलकोलिनच्या पिशव्या फटीत रित्या होतात, ते पलीकडच्या ग्राहींवर (ते ओळखणाऱ्या प्रथिनांवर) बसते आणि स्नायू आकुंचतो. लगेच ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर त्याचे तुकडे करते. एवढ्याला अर्धा-एक मिलिसेकंद लागतो. फटीत रसायन असते, हे ओटो लोवीने १९२१ मध्ये बेडकांच्या दोन हृदयांवर दाखवले.

निकोटिन त्याच ग्राहींवर बसते, पण विकर त्याचे तुकडे करू शकत नाही. आधी उत्तेजना, मात्रा वाढली तर अडथळा. तंबाखूची ओली पाने उघड्या हातांनी हाताळली तर ते कातडीतून आत जाते आणि मळमळ, उलट्या, चक्कर येते. हातमोजे आणि लांब बाह्या हा उपाय, आणि भिजलेले कपडे लगेच बदलणे.

क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट यांसारखी फवारणीची औषधे त्या विकरालाच बांधून ठेवतात. फटीत ॲसिटिलकोलिन साचत जाते: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, लाळ, घाम, स्नायूंची थरथर, शेवटी श्वास अडतो. दवाखान्यात ॲट्रोपिन देतात ते लाळ-स्राव आणि हृदयाकडचे ग्राही सावरते. हातापायांच्या स्नायूंवरच्या ग्राहींना ते लागू पडत नाही, म्हणून घाम थांबला तरी रोग्याला घरी आणायची घाई करू नये. इमिडाक्लोप्रिड किडीच्या निकोटिन-ग्राहींवर जाते. सायपरमेथ्रिन मात्र फटीत काही करत नाही. ते तंतूवरचे सोडियमचे दरवाजे मिटू देत नाही आणि एका आवेगाच्या जागी आवेगांची माळ सुटते. फवारणीचे डबे शेजारी मांडायचे, रिकामे आणि धुतलेले, प्रत्येकावर बाण: हा कुठे मारा करतो.

सर्पदंशाची चौकटही इथेच. नागाचे विष स्नायूच्या बाजूचे ग्राही अडवते, मण्यारीचे मुख्यतः तंतूच्या टोकावर घाव घालते. म्हणून विकर रोखून ॲसिटिलकोलिन वाढवणाऱ्या निओस्टिग्मिनने नागदंशात फरक पडतो, मण्यारीत फारसा नाही. दोन्हींत पहिले काम रुग्णालय आणि प्रतिविष. दंशाची जागा कापणे, बांधणे काहीही नाही. ही ओळ कन्नडमध्येही ठळक.

१९ फेब्रुवारी

रंगीत तालीम. दोन वाहिन्यांपैकी एकीचा आवेग लहान येऊ लागला. ॲम्प्लिफायरच्या वाहिन्या अदलाबदल केल्या. दोष पन्हळीतच राहिला, म्हणजे तारेत. एका तारेवरचा करडा थर सतत पुसून चांदी उघडी पडली होती. पुन्हा ब्लीच, पुन्हा धुणे. दर आठवड्याला हे करायचे, टिपकागद तारांवरून ओढायचा नाही.

९ व्होल्टच्या बॅटऱ्या ७ व्होल्टपर्यंत उतरल्या की एडी६२० चालते, पण स्पीकरचा टप्पा त्याच बॅटरीवर असेल तर प्रत्येक "टक्" सोबत पुरवठा हलतो आणि दोन्ही वाहिन्यांत खोटा काटा येतो. स्पीकरला वेगळी बॅटरी दिली.

२८ फेब्रुवारी

मांडणी सकाळी ९ ते दुपारी ४. खोली २८ अंशांपर्यंत तापली. सकाळी २३ अंशांना २.५ मिलिसेकंद, दुपारी २.० पर्यंत, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. लोकांनी फलकावरच्या १२.५ शी हा आकडा जुळत नसल्याचे लगेच धरले. तापमानाचा तक्ता शेजारी होता म्हणून उत्तर तिथेच देता आले. २६ अंशांच्या पुढे मात्र गांडुळे अस्वस्थ होतात आणि पन्हळीत सरळ राहत नाहीत. ओल्या गोणपाटाखाली बर्फाची पिशवी ठेवून कुंडी थंड ठेवली आणि दुपारच्या फेऱ्या कमी केल्या.

सर्वांत जास्त गर्दी ओल्या दोऱ्यापाशी होती. आधी दोरा, मग गांडूळ, हाच क्रम ठेवावा. उलट केले तर दोन मिलिसेकंदांचा उशीर कशाच्या तुलनेत, ते लक्षात येत नाही.

सामान आवरताना: गांडुळे वाफ्यावर परत. पन्हळ साध्या पाण्याने धुऊन अंधारात, कारण सिल्व्हर क्लोराइड उजेडात काळे पडते. बॅटऱ्या काढून ठेवल्या. ॲम्प्लिफायरचा नकाशा डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवला आहे. चिकोडीच्या मुलांना पन्हळ हवी आहे. त्यांना ४० मिमी अंतराची दुसरी करून द्यायची, कारण त्यांच्याकडची युड्रिलस जातीची गांडुळे याच्या दुप्पट लांब आणि जाड आहेत. फटही ८ मिमीची ठेवावी लागेल.